त्या पांढऱ्या चर्चमध्ये लोक नेमकं काय करत होते?

या आठवड्याचा एपिसोड ऐकायला वेळ नसेल, लोकलमध्ये इअरफोन विसरला असाल किंवा तुम्हाला वाचायलाच आवडत असेल, तर हा त्याचा लिखित अवतार. बोलताना जे "अं... म्हणजे..." झालं ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या फोनच्या वॉलपेपरपासून करतो. गेले काही महिने माझ्या स्क्रीनवर एका चर्चचं चित्र आहे. उंच पांढरे खांब, पांढऱ्या भिंती, कमानींमागे कमानी आणि खाली मुंगीएवढी माणसं. ऑफिसमधल्या एका मित्राने ते बघून विचारलं, "कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर केलंय?" मी म्हटलं, "बाबा रे, हे जवळपास चारशे वर्षांपूर्वीचं आहे. लाकडी फळीवर, तैलरंगात." त्याला पटेना. खरं सांगू? पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

चित्रकाराचं नाव पीटर सानरेडम. जन्म 1597, मृत्यू 1665. नेदरलँड्सच्या हार्लेम शहरात राहायचा आणि जवळपास आयुष्यभर त्याने चर्चची आतली बाजू रंगवली. आज आपण तो आणि त्याच्यानंतरचा एमानुएल दे विट, अशा दोघांची चित्रं उघडून बघणार आहोत. प्रश्न एकच: या चित्रांवरून आपल्याला कळतं का, की त्या काळी माणसं चर्चमध्ये जाऊन नेमकं काय करायची? आणि चित्रात जे दिसतं त्यावर विश्वास किती ठेवायचा?

आधी हे सांगा, सगळं इतकं पांढरं का?

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मूर्ती, मेणबत्त्या, सोनेरी वेदी, रंगीत काचा. गोव्यात जुन्या चर्चमध्ये गेला असाल तर लगेच आठवेल. मग सानरेडमच्या चर्चमध्ये यातलं जवळजवळ काहीच का नाही?

कारण ते काढून टाकलं गेलं होतं. आणि काही ठिकाणी तर अक्षरशः फोडलं गेलं होतं. 1566 च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट आली. प्रोटेस्टंट पंथाच्या कॅल्विनवादी लोकांचं म्हणणं असं, की देवाची आणि संतांची चित्रं-मूर्ती करून त्यांच्यासमोर गुडघे टेकणं म्हणजे मूर्तिपूजा. जमाव चर्चमध्ये घुसले, पुतळे तोडले, चित्रं फाडली. डच लोक या घटनेला 'बेल्डेनस्टोर्म' म्हणतात, म्हणजे प्रतिमांवर आलेलं वादळ. पुढे स्पेनच्या राजाविरुद्धचं बंड पेटलं आणि एकेक शहर प्रोटेस्टंटांच्या हातात गेलं. हार्लेम आणि ॲमस्टरडॅम 1578 मध्ये.

चर्चच्या इमारती मात्र त्याच राहिल्या. कॅथलिक काळात बांधलेली तीच गॉथिक इमारत, आतून रिकामी केलेली. भिंतींवरच्या जुन्या चित्रांवर चुन्याची सफेदी मारली. जिथे वेदी होती तिथलं महत्त्व गेलं आणि चर्चचा केंद्रबिंदू सरकून प्रवचनाच्या उंच व्यासपीठाकडे आला. प्रतिमांच्या जागी काय आलं? अक्षरं. बायबलमधल्या दहा आज्ञा लिहिलेले मोठे फलक. बघण्याचा धर्म होता, तो ऐकण्याचा आणि वाचण्याचा झाला, असं थोडक्यात म्हणता येईल.

आता गंमत बघा. ज्या समाजाने चर्चमधून चित्रं बाहेर काढली, त्याच समाजात चर्चची चित्रं घराच्या भिंतीवर लावायची आवड निर्माण झाली. चित्रकारांना चर्चकडून मिळणारं काम बंद झालं होतं, गिऱ्हाईक बदललं होतं. मग कोणी फुलं काढू लागला, कोणी समुद्र, कोणी गुरंढोरं, आणि सानरेडमसारखे काही जण चर्चची पांढरी, रिकामी पोकळी.

सानरेडमची 'पाइपलाइन'

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, सांभाळून घ्या.

सानरेडम प्रत्यक्ष चर्चमध्ये जाऊन बसायचा आणि जागेवर रेखाचित्र काढायचा. त्यासोबत मापं घ्यायचा: खांब किती जाड, दोन खांबांत अंतर किती, कमान किती उंच. हा झाला कच्चा डेटा. मग घरी येऊन, त्या मापांवरून, पट्टी आणि परिप्रेक्ष्याचे नियम वापरून दुसरं, काटेकोर रेखाचित्र बनवायचा. परिप्रेक्ष्य म्हणजे दूरची वस्तू लहान दिसते आणि समांतर रेषा लांबवर एका बिंदूत मिळाल्यासारख्या वाटतात, ते गणित. मग हे रेखाचित्र लाकडी फळीवर उतरवायचं आणि सगळ्यात शेवटी रंग.

विशेष म्हणजे तो रेखाचित्रांवर तारखा टाकायचा. त्यामुळे आज आपल्याला कळतं, की जागेवरचं रेखाचित्र आणि पूर्ण झालेलं चित्र यांत कधीकधी अनेक वर्षं जायची. 1636 च्या उन्हाळ्यात तो युट्रेक्ट शहरात काही महिने राहिला आणि तिथली चर्चं एकामागून एक कागदावर उतरवली. (अंदाज यावा म्हणून सांगतो, शिवाजी महाराज तेव्हा सहा वर्षांचे होते.) त्या मुक्कामातल्या रेखाचित्रांवरून तो पुढे कित्येक वर्षं चित्रं करत राहिला.

याचा फायदा आज किती आहे बघा. युट्रेक्टचं मारियाकेर्क नावाचं जुनं चर्च एकोणिसाव्या शतकात पाडलं गेलं. आज तिथे गेलात तर आवाराचा थोडासा भाग दिसेल, चर्च नाही. ते आतून-बाहेरून कसं होतं हे समजून घ्यायला अभ्यासक सानरेडमच्या चित्रांकडे आणि रेखाचित्रांकडे जातात. इमारत गेली, बॅकअप राहिला.

आता झूम करा: भिंतीवर चित्र काढणारा पोरगा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत सानरेडमचं 1644 सालचं एक चित्र आहे. युट्रेक्टच्या ब्यूरकेर्क या चर्चच्या आतलं. गॅलरीच्या वेबसाइटवर आहे, फोनवर उघडा आणि उजवीकडे खाली झूम करा.

दोन मुलं दिसतील. एक जण जमिनीवर बसून कुत्र्याला काहीतरी शिकवतोय. दुसरा उभा राहून चक्क चर्चच्या भिंतीवर चित्र काढतोय! काय काढलंय? एकाच घोड्यावर बसलेले चार जण. ही युरोपातली जुनी लोककथा, चार भाऊ आणि त्यांचा बायार्ड नावाचा जादूचा घोडा. आपल्याकडची पोरं भिंतीवर छोटा भीम काढतील, तसंच.

त्या रेघोट्यांच्या जवळच सानरेडमने स्वतःची सही आणि साल लिहून ठेवलंय. म्हणजे पोराच्या चित्राच्या शेजारी या काटेकोर, मोजूनमापून काम करणाऱ्या माणसाचं नाव. आणि मुलांच्या वरच्या बाजूला दहा आज्ञांचा फलक. ज्या भिंतीवरची जुनी चित्रं पुसून टाकली, तिथे पोरगं नवीन चित्र काढतंय. हा सानरेडमचा विनोद होता, शिकवण होती की नुसतं जे दिसलं ते? अभ्यासक यावर वाद घालतात. मला तरी वाटतं, भिंतीवर स्वतःची सही टाकताना तो हसला असणार.

पण या चित्रात आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आहे. तिथे प्रार्थना चाललेलीच नाही. काही लोक उभं राहून गप्पा मारतायत. पोरं खेळतायत. कुत्रं आहे. चर्च म्हणजे त्या काळी फक्त रविवारची जागा नव्हती. बाहेर पाऊस, थंडी, चिखल. आत मोठं छप्पर आणि फरसबंदी. लोक फिरायला यायचे, भेटायला यायचे. ऑर्गन हे वाद्य बऱ्याच ठिकाणी शहराच्या मालकीचं असायचं आणि वादक शहराचा पगारी नोकर. प्रार्थनेच्या वेळी ऑर्गन वाजवू नये असं कडक धर्मगुरूंचं म्हणणं, म्हणून प्रार्थनेच्या आधी किंवा नंतर लोकांसाठी वाजवायचे. म्हणजे फुकटात मैफल.

आपल्याकडे दुपारच्या वेळी देवळाच्या सभामंडपात जे चित्र असतं ना, कोणी आडवा झालाय, कोणी पेपर वाचतोय, पोरं खांबाभोवती शिवाशिवी खेळतायत, ते आठवा. फार वेगळं नाही.

दे विटच्या चर्चमध्ये गर्दी आहे

आता दुसऱ्या चित्रकाराकडे. एमानुएल दे विट, जन्म 1617 च्या आसपास, मृत्यू 1692. डेल्फ्टमध्ये काम केलं, मग 1650 च्या दशकाच्या सुरुवातीला ॲमस्टरडॅमला आला. सानरेडमकडे शांतता आहे, तर दे विटकडे ऊन आहे. खिडकीतून येणारे उन्हाचे पट्टे खांबांवर आणि जमिनीवर पडलेले. आणि माणसं, भरपूर माणसं.

त्याच्या प्रवचनाच्या चित्रांत व्यासपीठावर पाद्री बोलतोय, त्याच्या डोक्यावर लाकडी छत आहे. ते छत शोभेचं नाही. आवाज वर उडून जाऊ नये, लोकांकडे यावा म्हणून असतं ते. माइक नसलेल्या काळातलं ध्वनितंत्र! पुरुषांच्या डोक्यावर टोप्या आहेत. चर्चमध्ये टोपी? हो, तिथे प्रवचन ऐकताना पुरुष टोपी घालून बसायचे. काही बायका जमिनीवर किंवा बुटक्या खुर्चीवर बसल्यात, एखादी बाळाला पाजतेय. आणि पुन्हा कुत्री.

कुत्र्यांचं प्रमाण इतकं होतं, की डच चर्चमध्ये कुत्री हाकलायला माणूस नेमलेला असायचा. पदाचं नाव शब्दशः 'कुत्रे-मारक', म्हणजे चाबूक किंवा काठी घेऊन त्यांना बाहेर काढणारा. हे ऐकून मला आमच्या कंपनीतलं माझं पद एकदम प्रतिष्ठेचं वाटायला लागलं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये दे विटचं डेल्फ्टच्या जुन्या चर्चचं चित्र आहे, साधारण 1650 चं. त्यात एक कुत्रं खांबापाशी पाय वर करून आपलं काम उरकतंय. आणि जवळच जमीन खणलेली आहे. उघडी कबर. त्या काळी ऐपत असलेल्या लोकांना चर्चच्या जमिनीखालीच पुरायचे. फरशी म्हणजे कबरीचा दगड. तुम्ही प्रवचन ऐकायला बसता तेव्हा खाली तुमचे आजोबा असू शकतात. त्यामुळे फरशा सारख्या उचकटल्या जायच्या, माती निघायची, आणि वास... तो चित्रात येत नाही, आपलं नशीब.

पण बघा, या एका चौकटीत सगळं आहे. बाळ, म्हातारे, कुत्रं, कबर आणि वरून पडणारं ऊन. मला सगळ्यात खरं वाटलेलं चित्र हेच. आणि इथेच सावध व्हायला हवं.

खरं वाटणं आणि खरं असणं

व्हॉट्सॲपवर येणारे 'दुर्मिळ ऐतिहासिक फोटो' आठवा. आपण बघतो, "वा!" म्हणतो आणि फॉरवर्ड करतो. जुन्या चित्रांच्या बाबतीतही तीच चूक होते. इतकं बारीक काढलंय म्हणजे असंच असणार, असं आपण धरून चालतो.

दे विटने अनेकदा चर्च चक्क जोडून बनवली आहेत. एका चर्चचे खांब, दुसऱ्याची खिडकी, व्यासपीठ आणखी कुठलं. दिसायला अगदी अस्सल, पण पत्ता शोधायला गेलात तर सापडणार नाही. फोटो एडिटिंग आपल्या पिढीने शोधलं असा गैरसमज असेल तर काढून टाका.

बरं, मग मोजमाप घेणारा सानरेडम तरी? त्याचं काटेकोर रेखाचित्र आणि अंतिम चित्र शेजारी ठेवलं की फरक दिसतात. खांब थोडे उंच केलेत, कमानी रुंद केल्यात, नको असलेली वस्तू गाळली आहे. 1630 च्या एका चित्रात तर त्याने हार्लेमच्या सिंट बाफो चर्चमध्ये एका बिशपची काल्पनिक कबर बसवली. प्रोटेस्टंट झालेल्या चर्चमध्ये कॅथलिक बिशप! त्याच्या काही चित्रांतली माणसं तर दुसऱ्याच चित्रकारांनी घातलेली आहेत. म्हणजे 'तिथे कोण उभं होतं' हा डेटा त्या चित्रांपुरता बादच.

मग करायचं काय? मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवलेत, तुम्हालाही चालतील का बघा.

एक, हे चित्र कोणासाठी काढलं? घराच्या भिंतीसाठी विकत घेणाऱ्याला सुंदर चित्र हवं होतं, नकाशा नको होता.

दोन, याला दुसरा पुरावा आहे का? कुत्री हाकलणाऱ्या माणसांच्या नोंदी कागदोपत्री सापडतात, म्हणून चित्रातली कुत्री विश्वासार्ह. एकाच चित्रात दिसलेली विचित्र गोष्ट असेल तर जरा थांबायचं. टेस्ट केसशिवाय कोड पुढे पाठवत नाही आपण, तसंच.

तीन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: यात कोण नाहीये?

जे चित्रात आलेच नाहीत

ॲमस्टरडॅममध्ये 1578 नंतर कॅथलिक लोक काही गायब झाले नव्हते. पण त्यांना उघडपणे उपासना करायला बंदी होती. मग ते घरांत, गोदामांत, माळ्यांवर जमायचे. बाहेरून घर, आत चर्च. शहराच्या अधिकाऱ्यांना माहीत असायचं, पण रस्त्यावरून दिसत नाही तोवर ते काणाडोळा करायचे. यातलं एक माळ्यावरचं चर्च 1660 च्या दशकात बांधलेलं, आजही ॲमस्टरडॅममध्ये म्युझियम म्हणून बघता येतं. कालव्याकाठचं साधं घर, अरुंद जिने चढून वर गेलं की एकदम वेदी, सज्जे, ऑर्गन.

उलट त्याच शहरात ज्यूंना मोठं प्रार्थनास्थळ उघडपणे बांधता आलं. पोर्तुगीज ज्यूंचं भव्य सिनेगॉग 1675 मध्ये सुरू झालं आणि आपल्या दे विटने 1680 मध्ये त्याची आतली बाजू रंगवली. ते चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यातही प्रार्थना चालू आहे, पुढे बघायला आलेले पाहुणे उभे आहेत, आणि हो, कुत्रीही आहेत. दे विट आणि कुत्री, पिच्छा सुटत नाही.

म्हणजे बघा, एकाच शहरात तीन धर्मसमूह. एकाची चित्रं ढिगाने, एकाचं थोडं आणि तिसरा कायद्यानेच अदृश्य. त्या काळच्या ॲमस्टरडॅममध्ये धर्म कसा पाळत असत हे फक्त चर्चची चित्रं बघून ठरवलं, तर माळ्यावर हळू आवाजात प्रार्थना करणारी सगळी माणसं आपल्या हातून सुटतात. मूर्ख म्हणून नाही, आपण फक्त जे दिसलं तेच मोजलं म्हणून.

शेवटचं चित्र

सानरेडमचं एक चित्र मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. हेही राइक्सम्युझियममध्ये आहे. साल 1649. आसेंडेल्फ्ट नावाच्या गावातलं साधं चर्च. मोठ्या शहरातलं नाही, खेड्यातलं. पांढऱ्या भिंती, लाकडी छत.

आणि यात, सानरेडमच्या बाबतीत क्वचित होतं तसं, खरोखर प्रार्थना चालू आहे. लांबवर व्यासपीठावर पाद्री बोलतोय. गावकरी त्याच्याभोवती बसलेत, काही जण जमिनीवरच. सगळे आपल्यापासून दूर, लहान दिसतात. आपल्या जवळ, अगदी पुढे, रिकामी फरशी आहे आणि तिच्यात कबरीचे दगड.

त्यातल्या एका दगडावर नाव वाचता येतं: यान सानरेडम. पीटरचे वडील. नावाजलेले तांबटपत्र्यावर कोरणारे कलाकार. 1607 मध्ये वारले, तेव्हा पीटर जेमतेम दहा वर्षांचा. आसेंडेल्फ्ट हे पीटरचं जन्मगाव. वडील गेल्यावर तो हार्लेमला आला आणि पुढचं आयुष्य तिथेच काढलं.

आता पुन्हा तेच चित्र बघा. आयुष्यभर खांबांची मापं घेणारा, कमानी मोजणारा हा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर गावच्या चर्चची पोकळी त्याच काटेकोरपणे उभी करतो. गावकरी लांब प्रवचन ऐकतायत. आणि चित्रकार जिथे उभा आहे, म्हणजे आपण बघणारे जिथे उभे आहोत, तिथून सगळ्यात जवळ काय आहे? बापाची कबर. तो प्रवचन ऐकायला पुढे गेलेला नाही. मागे, या दगडापाशी थांबलाय.

चर्चमध्ये लोक काय करायचे, या प्रश्नाला माझ्याकडे आता हे एक उत्तर जास्तीचं आहे. हे मोजून कुठल्या तक्त्यात मांडता येणार नाही, पण ते खोटं आहे असं मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

ही स्क्रिप्ट लिहिताना मी माझ्या फोनमध्ये आमच्या गावच्या देवळाचे जुने फोटो शोधले. काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला, जुने लाकडी खांब गेले, चकचकीत फरशी आली. माझ्याकडे त्या जुन्या सभामंडपाचे बारा फोटो निघाले. बाराच्या बारा सेल्फी. माझं तोंड पुढे आणि खांब मागे, धूसर. आजोबा ज्या खांबाला टेकून बसायचे, तो एकाही फोटोत पूर्ण नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या जवळच्या कुठल्याही जुन्या जागेत जा. देऊळ, चर्च, मशीद, वाचनालय, एसटी स्टँड, काहीही चालेल. कोणालाही पोज द्यायला न सांगता, खांबासकट, कुत्र्यासकट, पोरांसकट एक फोटो काढा. आणि सानरेडमसारखी तारीख नक्की टाका.

एपिसोड आवडला तर त्या एका मित्राला पाठवा जो प्रत्येक जुनं चित्र फॉरवर्ड करतो. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत झूम करत राहा!